गुलाबाईचा डबा

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमाकडे हतनूर धरणाचा फुगवटा चढला की काही गावं जवळजवळ बेटंच होतात. मी सांगतेय त्या गावाला तीन बाजूंनी पाणी आणि आत-बाहेर करायला एकच रस्ता. किराणा, खताच्या गोण्या, दुधाच्या पिशव्या, केळीच्या घडांना घालायची आवरणं, सगळं त्या रस्त्याने आत येतं. त्यातलं प्लास्टिक मात्र बाहेर जात नाही. भंगारवाला लोखंड उचलतो, प्लास्टिकला हात लावत नाही, आणि त्याचंही खरं आहे. टेम्पो गच्च भरतो, पण वजन भरत नाही, डिझेलचे पैसेही सुटत नाहीत. मग ते बांधावर जळतं, नाही तर नाल्यातून थेट फुगवट्यात. याच पाण्यावर हिवाळ्यात लांबलांबचे पक्षी उतरतात आणि याच पाण्यावर गावं जगतात. नाल्याच्या तोंडाशी झाडाझुडपांना लटकलेल्या पिशव्या पाहिल्या की माझ्या पोटात कालवतं.

मी तालुक्याच्या स्वच्छता कक्षात काम करते. पावसाळ्याच्या तोंडाशी या गावात सभा घेतली, ओला-सुका समजावला, निळ्या-हिरव्या बादल्या वाटल्या. लोकांनी मानेने होकार दिला. महिन्याने गेले तर एका घरी बादलीत हरभऱ्याची डाळ होती, दुसऱ्या घरी कोंबडीची पिल्लं. तरी अंगणवाडी सेविकेने आणि मी घरोघर फिरून नऊ पोती प्लास्टिक गोळा केलं आणि टेम्पोने जळगावला नेलं. जळगावच्या एमआयडीसीत जुनं प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा करतात, दाण्याची पट्टी ओढतात आणि पट्टीच्या चटया विणतात. घराघरात असते ती रंगीत चटई तीच. आपला कचरा आपल्याच जिल्ह्यात उपयोगाला येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिथल्या माणसाने पोत्यात हात घातला, मूठभर पिशव्या काढल्या, कानाजवळ नेऊन चुरगाळल्या आणि पोतं बाजूला सारलं. "मॅडम, पीपीत एलडी मिसळलंय. पट्टी तुटेल." पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि एलडी म्हणजे पिशव्यांचं मऊ पॉलिथिन, प्लास्टिकच्याच दोन जाती. पीपी साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं, एलडी ११० च्या आसपास. एकत्र वितळवली तरी दोन्ही एकजीव होत नाहीत, आणि तुटक्या पट्टीची चटई विणता येत नाही. त्यात निम्म्या पिशव्या दुधाने आंबलेल्या. नऊच्या नऊ पोती परत आली. येताना सेविकाताई आणि मी एक शब्द बोललो नाही.

पुढे भाद्रपदातली पौर्णिमा उलटून गुलाबाई बसल्या, म्हणजे खानदेशातल्या पोरींचा गाण्यांचा आणि खाऊ ओळखण्याचा महिनाभराचा सण सुरू झाला. एका संध्याकाळी माझी शेवटची एसटी चुकली आणि मी सेविकाताईंकडेच राहिले. ओसरीवरच्या कोनाड्यात मातीच्या गुलाबाई-गुलोजी, पुढे निरांजन, आणि पंधरा-वीस पोरी टिपऱ्या घेऊन गोलात. गाणी संपली तसा ताईंच्या सासूबाईंनी झाकणाचा स्टीलचा डबा पुढे केला. खाऊ ओळखा! डबा या हातातून त्या हातात जायला लागला. एकीने तो कानाशी नेऊन हळूच हलवला.

"गोड का तिखट?"

"तिखट."

"चिवडा?"

"नही," आजी म्हणाल्या. "घाई नको करू व माय. आधी आईक. लाडू आदयते, शेव सरसरते. हे काय करू ऱ्हायलं?"

पोरीने डोळे मिटले, पुन्हा हलवला. "फुटाणे!"

फुटाणेच निघाले. आणि मला तो जळगावचा माणूस दिसला, मूठ कानाशी धरलेला. रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. बाईंची परवानगी घेऊन पोरींना पाठमोरं बसवलं. आधी धुतलेली दुधाची पिशवी चुरगाळली. एलडी मऊ असतं, आवाज जवळजवळ नाहीच. मग साडीची पारदर्शक पिशवी. ते पीपी, कुरकुर वाजतं. दोन-तीनदा ऐकवल्यावर एकजण म्हणाली, "पहिला शिरा, दुसरा चिवडा." बस्स! तीच नावं पडली. परत आलेल्या पोत्यांतलं एक अंगणात उपसलं आणि वर्ग त्याच्याभोवती बसला. पीपी, एलडी ही अक्षरं मी फळ्यावर लिहिलीसुद्धा नाहीत. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मुलगेही येऊन बसले, आणि पोरी त्यांना दटावत होत्या, "बोलू नको, आयकू दे."

अडलं ते कुरकुऱ्याच्या पाकिटांपाशी. आवाज चिवड्याचा, पण फाडलं की आतून चंदेरी. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्याचा दाणा होत नाही. त्यांचं वेगळं पोतं केलं, नाव 'फसवा'. कीटकनाशकाच्या बाटल्यांना मात्र मुलांनी हात लावायचा नाही, हे मी तिथेच बजावलं. ते काम मोठ्यांचं.

दुपारी आजी काठी टेकत बघायला आल्या. आंबलेली पिशवी नाकाशी नेऊन त्यांनी पोरींकडे पाहिलं. "गुलाबाईपुढं उष्टा डबा ठेवता का तुम्ही?" एवढंच. मी सभेत दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते त्या वाक्याने झालं. दोन दिवसांनी गेले तर गल्लीत तारेवर लुगड्यांच्या शेजारी दुधाच्या पिशव्या वाळत होत्या. बायका कोपरा पूर्ण कापत नव्हत्या, लटकता ठेवत होत्या, कारण तो सुटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, हे पोरींनी घरी सांगितलं होतं.

कोजागिरीला गुलाबाईंचं विसर्जन झालं आणि दिवाळीआधी आम्ही पुन्हा टेम्पो भरला. त्याच माणसाने शिऱ्याच्या पोत्यातून मूठ काढून कानाशी धरली, मग चिवड्याच्या. काही न बोलता दोन्ही पोती काट्यावर ठेवली. आलेल्या पैशांतून दोन चटया घेतल्या, पुढच्या वर्षी गुलाबाईपुढे अंथरायला.

'फसवा'ची पोती शाळेच्या पडवीत आहेत, आता तीन झाली. अशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जळणाबरोबर वापरतात, म्हणून मी जिल्ह्याला पत्र दिलंय, आणखी दोन गावांची पोती जोडली तर गाडी भरेल. गेल्या आठवड्यात गेले तर ती फुटाणे ओळखणारी पोरगी दारातच उभी होती.

"म्याडम, फसव्याची गाडी कधी येनार?"

"पत्र दिलंय गं."

तिने पडवीतल्या पोत्यांकडे पाहिलं. "मंग तोवर मी नवीन पाकीट आनत नही," म्हणाली आणि वर्गात गेली.