तुम्ही विचारलेत म्हणून : 'मी', 'मला' आणि 'आय ॲम'

साताऱ्यात संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली, आणि एवढ्या काळात परिचारिका, दुकानदार, बँकेतले कारकून, परदेशी वाढणाऱ्या नातवंडांशी बोलता यावे म्हणून आलेल्या आज्या अशा सगळ्यांनी मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारला आहे : "मॅडम, 'आय गो' केव्हा म्हणायचे आणि 'आय ॲम गोइंग' केव्हा?" पुस्तकातले उत्तर त्यांना ठाऊक असते. रोजची सवय किंवा कायमची गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ, आणि क्रिया या घटकेला चालू असेल तर चालू वर्तमानकाळ. तरीही हा नियम घडाघडा म्हणून दाखवणारा माणूस पुढच्याच वाक्यात 'आय ॲम हॅविंग टू डॉटर्स' असे म्हणतो.

नियम कळलेला नसतो असे मात्र नाही. "तुमचा मुलगा काय करतो?" हा स्थळाच्या चौकशीचा प्रश्न आणि "तुमचा मुलगा काय करतोय?" हा फोनवर मावशीने विचारलेला प्रश्न यांत आपली कधी गल्लत होत नाही, पहिल्याचे उत्तर 'बँकेत आहे' असे येते आणि दुसऱ्याचे 'आत्ताच झोपलाय' असे. इंग्रजीतले 'व्हॉट डझ ही डू' आणि 'व्हॉट इज ही डूइंग' यांतला फरक नेमका हाच आहे. घोटाळा होतो तो मराठीची वाट वेगळी पडते तिथे.

त्यांतली सर्वांत निसरडी जागा 'मला' या शब्दाची. 'मला कळतंय', 'मला आठवतंय', 'मला आवडतंय' ही रूपे मराठीत निर्दोष आहेत, आणि 'मला माहीत आहे' यात तर तो 'आहे' स्वतःच 'ॲम'ला हाका मारतो. म्हणून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' आणि 'आय ॲम नोइंग' जन्माला येतात. इंग्रजी भाषा कळणे, आठवणे, माहीत असणे यांना क्रिया न मानता स्थिती मानते, आणि स्थितीला सहसा चालू वर्तमानकाळ लावत नाही. म्हणून मी वर्गात सांगते की मनातले मराठी वाक्य 'मी'ने सुरू होते की 'मला'ने, ते आधी पाहा. 'मला'च्या वाक्यात माणूस स्वतः काही करत नसतो, त्याला काही जाणवत असते किंवा त्याचे काही असते. तिथे इंग्रजीत बहुधा साधा वर्तमानकाळ येतो. 'मला वाटते' म्हणजे 'आय थिंक', पण 'मी विचार करतेय' म्हणजे 'आय ॲम थिंकिंग'. 'मला दोन मुली आहेत' म्हणजे 'आय हॅव', पण 'मी जेवतेय' म्हणजे 'आय ॲम हॅविंग लंच'. इंग्रजीने एकाच क्रियापदावर भागवलेले काम मराठीने दोघांत वाटून दिले आहे, आणि हा फायदा आपण घेत नाही याचे मला नवल वाटते. ही युक्ती माझी आहे, व्याकरणाच्या पुस्तकातली नव्हे, आणि ती गळकीही आहे : 'मला उशीर होतोय' याला 'आय ॲम रनिंग लेट' असेच म्हणावे लागते, तर 'मला बरे वाटत नाही' याला दोन्ही काळ चालतात. शिवाय कोणीतरी हमखास मॅकडोनाल्ड्सच्या 'आय ॲम लव्हिंग इट' या 2003 पासूनच्या जाहिरातीचा दाखला देतो. तिथे 'या घासाला मजा येतेय' असे म्हणायचे असल्यामुळे नियम जाणूनबुजून वाकवलेला आहे. नोकरीच्या अर्जात तो वाकवू नये. मी स्वतः पहिल्या मुलाखतीत 'आय ॲम हॅविंग बी.एड. डिग्री' असे म्हटले होते, आणि ती नोकरी मला मिळाली नाही.

दुसरी जागा 'असतो'ची. 'मी रोज फिरायला जात असतो' हा आपला रीती वर्तमानकाळ. त्यातले 'जात' हे रूप दिसायला 'जात आहे' यातल्यासारखेच असल्यामुळे 'आय ॲम गोइंग फॉर अ वॉक डेली' असे वाक्य तयार होते. अर्थ मात्र सवयीचा आहे, म्हणून 'आय गो'. 'हा सारखा किल्ल्या हरवत असतो' अशी कुरकूर करायची असेल, तर इंग्रजीही 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज' असे म्हणून आपल्या जवळ येते.

तिसरी जागा 'येतो'ची, कारण मराठीतला साधा वर्तमानकाळ 'आत्ता' आणि 'थोड्या वेळाने' हे दोन्ही अर्थ वाहतो. इंग्रजीतही एके काळी असे होते. सुमारे 1600 सालच्या हॅम्लेट नाटकात पुस्तक वाचत असलेल्या हॅम्लेटला पोलोनियस 'व्हॉट डू यू रीड' असे विचारतो. आज तिथे 'व्हॉट आर यू रीडिंग' असेच म्हणावे लागेल. आता साधा वर्तमानकाळ भविष्यासाठी मुख्यतः वेळापत्रकात उरला आहे : 'द ट्रेन लीव्हज ॲट फाइव्ह'. स्वयंपाकघरातून आपण 'आलेच' असे ओरडतो, तेव्हा तर भूतकाळ वापरतो. त्याचे इंग्रजी 'आय ॲम कमिंग'.

आणि निरोप घेताना म्हटलेल्या 'येतो'चे इंग्रजी 'आय कम' नाही आणि 'आय ॲम कमिंग'ही नाही. ते 'आय ॲम लीव्हिंग' आहे. हे सांगितले की दर खेपेला वर्ग थोडा नाराज होतो. उंबऱ्यात उभे राहून 'मी जाते' असे म्हणणे माझ्याही जिवावर येते.