आमची वाटचाल : भजनाच्या स्पर्धेचे एक वर्ष

आमची निर्मितीसंस्था 2001 साली गोरेगावातील एका सामायिक गाळ्यात सुरू झाली. 1995 पासून झी टीव्हीवरील ‘सा रे ग म’ने गाण्याची स्पर्धा पडद्यावर कशी उभी राहते हे दाखवून दिले होते. पुढे 1999 साली अल्फा मराठी आणि 2000 साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्यामुळे माझ्यासारख्या सहायक दिग्दर्शकाला स्वतःची पाटी लावण्याचे धाडस झाले. पहिली सहा-सात वर्षे पाककृती, प्रश्नमंजूषा आणि सणावारांचे विशेष कार्यक्रम करण्यात गेली. बिले वेळेवर मिळत होती, यापलीकडे त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

2008 साली आम्ही भजनी मंडळांच्या स्पर्धेची कल्पना एका वाहिनीपुढे मांडली. तरुण प्रेक्षक भजन पाहत नाहीत, असे आम्हाला ऐकवण्यात आले. तरीही रात्रीची एक पडेल वेळ रिकामी असल्यामुळे 26 भाग पदरात पडले. कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी आणि आळंदी येथे ऑडिशन घेतल्या आणि चित्रीकरणाला बसलो, तेव्हा खरी परीक्षा झाली ती पखवाजाची. डाव्या पुडीला लावलेली ओली कणीक एसीच्या कोरड्या गारव्यात दोन अभंग होईपर्यंत वाळायची, धुमेचा, म्हणजे त्या डाव्या बाजूचा, आवाज चढायचा आणि पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात, बसलेल्या आमच्या ध्वनिमुद्रकाचा पाराही. शेवटी फ्लोअरवर एक मुलगा केवळ त्या कामासाठी ठेवला. त्याच्याजवळ स्टीलच्या डब्यात ओल्या पंच्यात गुंडाळलेली कणीक असे आणि टॉकबॅकवर, म्हणजे नियंत्रण कक्षातून कानात येणाऱ्या आवाजात, ‘कणीक’ एवढा शब्द आला की तो दोन कॅमेऱ्यांच्या मधून वाकून धावे. एक मंडळ पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारे आणि दुसरे पांढरी चारमध्ये, तेव्हा दोघांना एकाच पट्टीत गायला लावू नये, हेही तेथेच कळले. स्पर्धा करू पाहणाऱ्या नव्या निर्मात्यांनी सेटच्या एलईडी भिंतीआधी ध्वनीचा खर्च मांडावा, असे मी न विचारता सांगतो.

नोव्हेंबरमध्ये चित्रपट-मालिकांच्या कामगार महासंघाचा संप झाला, सगळ्या वाहिन्यांवर जुने भाग लागले आणि आमचा उभा सेट भाडे खात राहिला. संप मिटून आठवडा होतो न होतो तोच 26 तारखेचा हल्ला झाला. त्यानंतर कितीतरी दिवस प्रेक्षक म्हणून कोणी स्टुडिओत यायला तयार नव्हते. वाहिनीचे पैसे प्रसारणानंतर 90 दिवसांनी येणार होते आणि प्रसारणच थांबलेले होते. डोंबिवलीचे घर गहाण पडले. अशा वेळी आमचे सहप्रायोजक, सांगलीचे हळदीचे एक व्यापारी, ज्यांना युनिटमध्ये सगळे काका म्हणत, रात्रीच्या गाडीने आले, अंतिम फेरीच्या जाहिरातींची रक्कम आगाऊ दिली आणि पावती मागितली नाही. पावती मी दिली, ही गोष्ट वेगळी. नंतर आमचे जे जे कार्यक्रम झाले, त्या प्रत्येकात त्यांची जाहिरात पहिली लागली.

फेब्रुवारी 2009 मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड झी मराठीवरील ‘लिटल चॅम्प्स’ची विजेती झाली. त्या वर्षी घराघरांत अभंग आणि गवळणी ऐकल्या गेल्या, आणि भजन कोणी पाहत नाही म्हणणाऱ्या मंडळींना आमच्या स्पर्धेचे दुसरे पर्व तातडीने हवेसे वाटू लागले. ते त्यांनी आमच्याहून मोठ्या, दोन हिंदी कार्यक्रम गाजवलेल्या संस्थेला दिले. करारातील नवव्या कलमानुसार कल्पना, नाव आणि स्वरूप यांचे सर्व हक्क वाहिनीचे होते, आणि ती सही माझीच होती. आमच्या ऑडिशनच्या याद्याही टेपांबरोबर गेल्या, फोन नंबरांसकट. म्हणून सांगतो, अशी यादी टेपच्या खोक्यात कधीही ठेवू नका आणि हक्कांचे कलम वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय पेन उघडू नका. एवढे होऊनही त्या संस्थेच्या मालकांनी एका मुलाखतीत ही कल्पना वारीत चालताना सुचल्याचे सांगितले.

त्यानंतर आम्ही नृत्याच्या, पाककलेच्या आणि लहान मुलांच्या अशा आणखी सात स्पर्धा केल्या आणि 2020 चा बंदीचा काळही निभावला. पण त्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग मी घरी, सगळी कामे बाजूला ठेवून पाहिला. सेट आमच्यापेक्षा तिप्पट मोठा होता, क्रेन सुंदर फिरत होती, आणि तिसऱ्या मंडळाच्या दुसऱ्या अभंगाला पखवाज स्वच्छ चढलेला ऐकू येत होता. मी बायकोला हाक मारून टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला.