बाबांची 50 एमएम आणि माझे सहा आठवडे

"जुनी लेन्स आहे, सॉफ्ट असणारच." सॉफ्ट म्हणजे फोटो पुसट, मऊ येणारी. हे वाक्य यापुढे कुणी ऐकवलं, तर त्याला घरी बोलावून दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं पान दाखवणार आहे. दिवाळीपासून ते तिथंच आहे. बायको दर रविवारी काढायला सांगते, मी काढत नाही.

बाबांनी त्यांच्या निकॉन एफएम2 या फिल्म कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं वापरलेल्या तीन मॅन्युअल (हाताने फोकस करायच्या) निकॉर लेन्स मी चिपळूणहून ठाण्याला आणल्या: 50 एमएम एफ/1.4, 105 एमएम एफ/2.5 आणि 200 एमएम एफ/4. 2021 च्या पुरात घराचा तळमजला पाण्याखाली गेला होता. हे कपाट माडीवर होतं, म्हणून त्या वाचल्या. दमट हवेपासून मात्र कोकणात काहीच वाचत नाही. 200 मध्ये टॉर्च मारला की कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. बाकी दोन स्वच्छ.

माझ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर त्या बसवणं पाच मिनिटांचं काम. निकॉनच्या एफ माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंतचं अंतर 46.5 मिमी, माझ्या ई-माउंट कॅमेऱ्यात सेन्सरपर्यंत 18 मिमी. मधले 28.5 मिमी भरून काढणारी धातूची पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर. त्यात काच नाही, तारा नाहीत. 'लेन्स नसताना शटर' हा पर्याय चालू केला की झालं. स्क्रीनवर ॲपर्चरच्या (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक किती उघडं, त्या आकड्याच्या) जागी नुसत्या दोन रेघा दिसतात, कारण पुढे काय बसवलंय हे कॅमेऱ्याला कळतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मे महिन्यात गावी परसातल्या तारेवर बसणाऱ्या खंड्याचे फोटो 200 वर काढले. इतके कडक, म्हणजे रेखीव, आले की बाबा ते फोनवर मोठे करून पिसं दाखवत बसले सगळ्यांना. मग गणपतीत संध्याकाळी आरतीला 50 लावली. ॲपर्चर एफ/2, शटर 1/60 सेकंद. एकूण एकशे चाळीस फोटो, आणि त्यात एकही धड नाही. आईचा चेहरा मऊ, मूर्ती मऊ, मागची आरास मऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्याच लेन्सवर काढलेले फोटो झकास.

इथे मी पहिली चूक केली. उजेडात चांगले, अंधारात वाईट, म्हणजे लेन्स उघड्या ॲपर्चरला कमजोर असणार, असा हिशेब मांडला. खरं तर पुरावा फोटोतच होता. फोकस चुकला असेल तर फोटोत कुठे ना कुठे काहीतरी कडक असतं. नाक नाही तर कान, माणूस नाही तर मागचा पडदा. माझ्या फोटोंत कुठेच काही कडक नव्हतं, आणि समईच्या प्रत्येक ज्योतीला बारीकशी शेपटी होती. मी ती बघितली आणि म्हणालो, वाऱ्याने हलली असेल. पाचही वाती, एकाच दिशेला!

मग लोकांना विचारलं. उत्तर तेच, वर लिहिलेलं. एकाने नवीन लेन्स घ्यायला सांगितलं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "लेन्सला काही झालेलं नाही. तुलाच फोकस जमत नाही." मला रागच आला. मी फोकस पीकिंग वापरत होतो, म्हणजे फोकसमधल्या भागाच्या कडा स्क्रीनवर रंगवणारी सोय, आणि कडांवर लाल रेघा उमटत होत्या. (पीकिंगवर एवढा विश्वास ठेवू नका. एफ/1.4 ला ते दोन बोटं जाडीच्या भागाला लाल रंगवतं. फोकस करायचा तो चित्र मोठं करून, डोळ्याच्या पापणीवर.)

शेवटी लेन्स घेऊन मुंबईला फोर्टमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने दहा सेकंद टॉर्च मारला आणि निदान केलं: "आत हेझ आहे. उघडावी लागेल. आठवड्यात देतो." हेझ म्हणजे काचेवर आतून धरलेला धुरकट थर. कुठल्या शटर स्पीडला सॉफ्ट येते, कुठल्या ॲपर्चरला, सोबत फोटो आणलेत का, एक प्रश्न नाही. पावतीवर लिहिलं, '50 मिमी, सॉफ्ट'. मीही मान डोलावली, कारण कुणीतरी एकदाचं कारण सांगितलं होतं.

आठवड्याने फोन केला, कारागीर गावी गेलाय. दुसऱ्या आठवड्यात पार्ट यायचाय. हेझ पुसायला कुठला पार्ट लागतो, हे विचारल्यावर "उद्या दुपारी करा फोन." उद्या दुपारी फोन उचलला नाही. तिसऱ्या आठवड्यात लोकल पकडून स्वतः गेलो, तर लेन्स माझ्यासमोर त्याच पाकिटात, जशीच्या तशी, कुणी हातही न लावलेली. भांडलो. चहा आला. पुन्हा आठवडा. पाचव्या आठवड्यात "झालंय, फक्त टेस्टिंग राहिलंय." सहाव्या आठवड्यात 1,800 रुपये मोजून, 'ओके' लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली लेन्स घेऊन मी विजयी वीरासारखा घरी आलो. रात्री मुलीचा एक फोटो काढला. 1/60. मऊ. आणि ॲपर्चरची रिंग, जी चाळीस वर्षं लोण्यासारखी फिरत होती, ती आता अडकत अडकत फिरते.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर चिकटवलं, छोट्या जाहिरातींचं, बारीक अक्षरांचं. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, तिन्ही लेन्स. तिन्ही कडक! 50 सुद्धा, एफ/2 ला, 'वधू पाहिजे' मधलं अक्षर न् अक्षर. म्हणजे लेन्स ठीक, ॲडॅप्टर ठीक. उरलो मी. पन्नाशी आली, हात थरथरायला लागले की काय? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "चहाची कपबशी तर कधी हिंदकळली नाही तुझी."

मग ट्रायपॉडवरून काढून हातात कॅमेरा धरला आणि तिन्ही लेन्सचे प्रत्येकी दहा फोटो काढले, सगळे 1/60 ला. 200 वर दहापैकी आठ कडक. 105 वर तीन. 50 वर शून्य.

हे बघून मी कॅमेरा खाली ठेवला. हे उलटं होतं. हात हलत असतील, तर सगळ्यात आधी 200 वर दिसायला पाहिजे. लांब लेन्स हलणं जास्त दाखवते, 50 सगळ्यात माफ करते. इथे बुरशी लागलेली 200 पहिली आणि दुरुस्त होऊन आलेली 50 नापास. या तिघींमध्ये 200 लाच कोण सांभाळून घेतंय?

तेव्हा मे महिना आठवला. खंड्यासाठी मी मेनूत शिरून, मोठ्या हुशारीने, स्टॅबिलायझेशनच्या (हाताची थरथर भरून काढणाऱ्या सोयीच्या) मॅन्युअल खान्यात 200 हा आकडा भरला होता. तो अजून तिथेच होता.

सेन्सर हलवून थरथर मारणाऱ्या कॅमेऱ्याला लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवरचा 50, 105, 200 हा मिमीचा आकडा) माहीत असावी लागते, कारण हात तेवढाच हलला तरी 200 वर चित्र 50 च्या चौपट सरकतं. नवी लेन्स हा आकडा स्वतः सांगते. पोकळ नळीतून काहीच सांगितलं जात नाही, म्हणून कॅमेरा माझं ऐकतो, आणि मी त्याला 200 सांगून ठेवलं होतं. 50 लावल्यावर तो सेन्सर चौपट हलवायचा. त्यातलं एक माप खरी थरथर खायचं, उरलेली तीन मापं उलट दिशेने नवी थरथर. स्टॅबिलायझेशन पूर्ण बंद ठेवलं असतं तरी तिप्पट बरं झालं असतं. 105 वर जवळजवळ दुप्पट हलवायचा: एक माप थरथर खायची, तेवढीच नवी तयार व्हायची, म्हणजे बंद असल्यासारखंच. अंगणातल्या उन्हात शटर 1/1000 च्या पुढे, तिथे काही फरक पडायचा नाही. ट्रायपॉडवर थरथरच नाही. आकडा 50 केला. दहापैकी नऊ.

आनंद झाला म्हणू की स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली म्हणू.

आता तुम्ही हे करा. आकडा चुकायचाच असेल तर लहान बाजूला चुकू द्या. लहान आकडा थरथर अर्धवट मारतो, मोठा नवीन तयार करतो. जुना झूम असेल तर लहान टोकाचा आकडा ठेवा किंवा स्टॅबिलायझेशन बंद करा. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा असला तरी लेन्सवर छापलेलाच आकडा भरायचा, दीडपट करायची नाही. मी हा पर्याय एका बटणावर आणून ठेवलाय. लेन्स बदलली की आधी ते बटण. काही कॅमेरे चालू करताना स्वतःहून विचारतात, निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांत प्रत्येक जुन्या लेन्सची नोंद करून ठेवता येते. ऑटो आयएसओवरही (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं) भरवसा नको; लेन्स कळत नसल्यामुळे माझा कॅमेरा प्रत्येक वेळी शटर 1/60 वर जाऊन बसायचा.

जुनी लेन्स खरोखर सॉफ्ट असतेच, तेही सांगतो, नाहीतर बाबांची बाजू घेतल्यासारखं होईल. ही 50 एफ/1.4 ला धुक्यातून बघितल्यासारखी दिसते. पण त्या धुक्याखाली पापण्यांचे केस शाबूत असतात, दिव्यांभोवती वलय येतं, शेपटी नाही, आणि एफ/2.8 ला धुकं विरतं. ॲडॅप्टर किंचित कमी जाडीचा असेल तर फोकसची रिंग टोकाला जायच्या आधीच लांबचं कडक होतं, ते चालतं. जास्त जाडीचा असेल तर लांबचा डोंगर कधीच कडक होत नाही. तो परत करा.

बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्या दुकानदाराने काय दुरुस्त केलं? पैसे किती घेतले?" मी तीनशे म्हणालो.

200 मधली बुरशी अजून तशीच आहे. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवलीय. ती मी कुठेही देणार नाही.