क्वॉर्नची पाखडणी

डिसेंबरात भाच्याकडे ॲडलेडला गेले होते. त्याच्या ओळखीच्या एका बाईंचं उत्तरेला क्वॉर्नजवळ शेत आहे, तिथे वॉटलच्या शेंगा झोडायच्या होत्या. ‘मावशी, ऊन सोसेल ना?’ भाचा विचारत होता. रत्नागिरीच्या बाईला उन्हाचा धाक! पण खरं सांगते, तिथली कोरडी झळ सकाळी नवालाच नाकाला चटके देत होती.

वॉटल म्हणजे बाभळीच्या गोतातली झाडं. ऑस्ट्रेलियात त्यांच्या हजारेक जाती, पण सगळ्यांचं बी खाण्याजोगं नसतं. नावाची गंमत अशी, की गोऱ्या वसाहतवाल्यांनी यांच्या फांद्या विणून, वर माती लिंपून भिंती उभ्या केल्या. आपला कूडच तो! अशा विणकामाला इंग्रजीत वॉटल म्हणतात, तेच नाव झाडांना चिकटलं.

बाईंकडची जात अकेशिया व्हिक्टोरिए. अंगावर काटे, शेंगा कागदासारख्या पातळ. झाडाखाली ताडपत्री अंथरून काठीने झोडायचं, मग बूट घालून तुडवायचं. बाई पुढचं काम चाळणी आणि पंख्यावर करतात. मला राहवेना. सूप कुठलं मिळायला? केक भाजायचा पत्र्याचा ट्रे घेतला आणि लागले पाखडायला. पहिल्या दोन झटक्यांत बीसुद्धा उडालं, कारण ट्रेला सुपासारखा उतार नाही. तिसऱ्यांदा हात बसला. फोलपटं वाऱ्यावर गेली आणि तळाशी मुगाएवढं तपकिरी, टणक बी उरलं. बाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

तिथले आदिवासी हे बी हजारो वर्षं दगडावर दळून, त्याच्या भाकऱ्या निखाऱ्यात भाजून खात आले. बाईंनी जाड लोखंडी तव्यावर मूठभर भाजलं. तडतड सुरू झाली आणि कॉफी, कोको, भाजलेले दाणे असा मिसळलेला वास सुटला. पूड घातलेलं आइस्क्रीमही खाल्लं. गोडापेक्षा किंचित कडवटपणाच लक्षात राहिला.

पेरायचं बी मात्र वेगळं ठेवतात. त्याचं कवच इतकं चिवट, की उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवावं लागतं. रानात हे काम वणवा करतो.

परतल्यावर हातखंब्याजवळ गाडी थांबवली. रस्त्याकडेला सामाजिक वनीकरणातल्या ऑस्ट्रेलियन बाभळी, वेटोळ्या शेंगा, काळ्या बीला केशरी दोरा. एक शेंग फोडून तळहातावर घेतली, आणि बाईंचं ‘सगळ्यांचं खायचं नसतं हं’ आठवून टाकून दिली.