विषाणू तोच, मग वाट बदलल्याने काय होतं?

“प्राणी तोच, विषाणू तोच. मग तो नाकातून दिला काय नि तोंडातून दिला काय, फरक काय पडतो?” श्वसनाच्या विषाणूंवर बोलायला उभी राहिले की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या बातम्या वाचताना मी सगळ्यात आधी हीच गोष्ट शोधते.

उंदरापासून सुरुवात करू. उंदराला भूल देऊन नाकपुड्यांवर साधारण 50 मायक्रोलिटर द्रव थेंबाथेंबाने सोडला, की तो श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि बराचसा फुप्फुसांत उतरतो. जाग्या उंदराला 5 ते 10 मायक्रोलिटरच दिला, तर तो बहुतेक नाकातच राहतो. पहिल्या उंदराला न्यूमोनिया होऊ शकतो, दुसऱ्याचा संसर्ग नाकापुरता राहू शकतो. शोधनिबंधात मात्र दोन्हीकडे ‘नाकातून दिला’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. भूल दिली होती का आणि द्रव किती होता, हे लिहिलं नसेल तर त्या निकालावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

माणसांतही हे दिसलं आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत स्वयंसेवकांना फ्लूचा विषाणू अतिसूक्ष्म तुषारांतून हुंगायला दिला, तेव्हा अगदी थोड्या मात्रेत संसर्ग झाला. नाकात थेंब टाकून तोच परिणाम साधायला कितीतरी पट जास्त मात्रा लागली. सूक्ष्म तुषार खोलवर जातात, थेंब वरच अडतात.

अलीकडचं उदाहरण एच5एन1 बर्ड फ्लूचं. 2024 मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत तो पसरल्याचं उघड झालं आणि कच्च्या दुधात विषाणू सापडला. गायींतला हा विषाणू मॉन्टानातल्या रॉकी माउंटन लॅबोरेटरीजमध्ये मकाक माकडांना तीन वाटांनी दिला गेला. श्वासनलिकेतून दिला तेव्हा गंभीर न्यूमोनिया झाला, नाकातून दिला तेव्हा आजार सौम्य राहिला, आणि थेट पोटात सोडला तेव्हा संसर्ग झाला पण फार वाढला नाही. उलट, उंदरांना असं बाधित दूध तोंडाने पाजलं तेव्हा ते आजारी पडले. म्हणजे एका प्राण्यात सौम्य ठरलेली वाट दुसऱ्यातही सौम्य ठरेल, असं गृहीत धरता येत नाही. खुद्द गायींचा प्रयोग तर मला फारच बोलका वाटतो: कालवडींना विषाणू श्वासावाटे दिला तर त्या थोड्याशाच आजारी झाल्या, पण दुभत्या गायींच्या कासेत सोडला तर त्यांना कासदाह झाला आणि दूध घटलं. केवळ श्वासमार्गच तपासला असता, तर गोठ्यात खरं काय चाललंय ते कळलंच नसतं.

वाटेचा हा फरक कामीही आणता येतो. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीला अडेनोव्हायरस या श्वसनाचे आजार करणाऱ्या विषाणूच्या 4 आणि 7 या प्रकारांची लस गोळीतून देतात. गोळीत जिवंत विषाणू असतो. आवरणामुळे तो आतड्यात पोहोचल्यावर सुटतो, तिथे संसर्ग होतो, प्रतिकारशक्ती तयार होते, पण फुप्फुसांचा आजार होत नाही.

आपल्याकडे कोव्हॅक्सिनची चाचणी ऱ्हीसस माकडांवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. लस दिल्यानंतर त्यांना विषाणू नाकातून आणि श्वासनलिकेतूनही दिला होता. ती पद्धत मला योग्य वाटते, कारण लस फुप्फुसं वाचवते का, हे पाहायचं तर विषाणू फुप्फुसांपर्यंत पोहोचायलाच हवा. पण एकापासून दुसऱ्याला लागण कशी होते, हे अशा प्रयोगातून समजत नाही. त्यासाठी बाधित फेरेटशेजारी (फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) जाळीपलीकडे निरोगी फेरेट ठेवतात, आणि त्याला विषाणू कोणी देत नाही. जे काही पोहोचतं ते हवेतूनच.