सांगलीच्या हवेत लेट्यूस

माझी नणंद पाचगणीला असते. ती नोव्हेंबरात लेट्यूसचं बी वाफ्यावर नुसतं भुरभुरते, पाणी शिंपडते आणि आपल्या कामाला लागते. आठवड्यात हिरव्या रेघा दिसायला लागतात. पाचगणी समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास, आमची सांगली जेमतेम साडेपाचशे. हा फरक बी उगवतानाच नडतो. सांगली-मिरजेत ज्यांनी लेट्यूस करून बघितलंय त्यातल्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते, ‘बी खोटं निघालं.’ बी खोटं नसतं. २५ अंशांच्या पुढे ते कुरकुरायला लागतं आणि ३०च्या आसपास बहुतेक जातींचं बी भिजूनही उगवायचं नाव घेत नाही. मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. ऑक्टोबरात विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर दुपारी कुंडीतल्या मातीत बोट घालवत नाही, तिथं त्यानं तरी काय करावं?

म्हणून उगवणीचं सगळं काम मी स्वयंपाकघरात उरकते.

बी ऑनलाइन मागवलं. इथल्या कृषी सेवा केंद्रात द्राक्षाच्या औषधांनी भिंती भरलेल्या असतात, लेट्यूस म्हटल्यावर दुकानदार ‘कोबी आहे’ म्हणाला. जात निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. पाकिटावर गोल गड्ड्याचा फोटो असेल तर ते आइसबर्ग. त्याला गड्डा धरायला अडीच-तीन महिने थंडी लागते, आणि सांगलीची थंडी तेवढी दमाची नाही. सुट्या पानांचं लेट्यूस घ्यावं, हिरवं किंवा तांबूस लोलो. लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत बाहेरची पानं खुडायला येतात आणि आतून नवी येत राहतात.

बी तळहातावर घेतलं तर जिऱ्याचं धाकटं भावंड वाटतं. तसंच लांबट, दोन्हीकडं निमुळतं, अंगावर उभ्या रेघा. फक्त इतकं हलकं की बोलताना श्वास लागला तरी उडतं. एका ग्रॅममध्ये आठशे-हजार दाणे मावतात, त्यामुळं छोटं पाकीटसुद्धा घरासाठी रग्गड होतं. त्यातलं चिमूटभरच काढावं.

पारदर्शक झाकणाच्या डब्यात टिश्यू पेपर अंथरायचा, पाणी शिंपडून निथळू द्यायचा, त्यावर बी विरळ पसरायचं आणि डबा एक-दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. गारव्यात भिजलेलं बी नंतर थोडी ऊब सोसतं. फ्रीजमधून काढल्यावर डबा कुठं ठेवायचा याचं उत्तर आमच्याकडं खिडकीशेजारी तयारच होतं: माठ. माठाखालच्या ओल्या वाळूवर डबा टेकवला. माठ पाझरतो, वाळू ओली राहते, पाणी उडून जाताना गारवा देतं. घरात पंख्याखालीसुद्धा घाम येत असताना ती जागा हाताला गार लागते. शिवाय खिडकीचा उजेड.

तो उजेड सासूबाईंना पटेना. त्यांचं माहेर तासगावचं, मेथी-कोथिंबिरीत हयात गेलेली. ‘अगं, बी उघडं कशाला ठेवलंस? मातीआड कर की,’ असं येता-जाता चालू होतं. धने रगडून मातीत मिसळणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटणारच. पण लेट्यूसच्या बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्यूसच्याच बियांवर प्रयोग केले. भिजलेल्या बियांवर तांबड्या प्रकाशाचा झोत टाकला की बी उगवायचं. त्यानंतर तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश टाकला की उगवण बंद. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा चालू. शेवटचा झोत कुठला, त्यावर सगळं ठरायचं. बियांमधला हा उजेड ओळखणारा पदार्थ म्हणजे फायटोक्रोम, आणि त्याचा माग याच प्रयोगांतून लागत गेला. एवढ्याशा दाण्यात शिदोरी ती किती? खोल मातीत उगवलं तर वर पोचायच्या आत ती संपायची. आईंना मी फायटोक्रोम सांगितलं नाही, शिदोरीचं तेवढं सांगितलं. ‘मग बरोबर आहे त्याचं,’ म्हणाल्या.

तीन-चार दिवसांत दाण्याच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसतो, तेच मूळ. ते लांबू द्यायचं नाही, कागदात गुंतलं की निघताना तुटतं. ओल्या टूथपिकच्या टोकाला दाणा आपोआप चिकटतो. तो उचलून ट्रेच्या कप्प्यात ठेवायचा आणि वर कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, नुसती चिमूट. ट्रे तासगावच्या एका नर्सरीतला जुना, भाजीची रोपं देतात तो काळा. कोकोपीट दोन पाण्यांतून पिळून घेतलं होतं.

इथून पुढं उगवलेल्या रोपाच्या मागण्या अगदी वेगळ्या होतात. आता ते खिडकीत राहिलं तर उजेडाच्या शोधात उंच होतं आणि आडवं पडतं. म्हणून ट्रे गच्चीवर, सकाळचं ऊन मिळेल आणि अकरानंतर सावली येईल अशा जागी. पाणी वरून घालण्यापेक्षा परातीत ओतून ट्रे त्यात टेकवायचा, खालून लागेल तेवढं घेतो. वरचा थर सतत चिंब राहिला की बुरशीनं रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात, आणि एकदा ती साथ लागली की ट्रे हातचा जातो. चिमण्यांनाही ही कोवळी पानं फार आवडतात. जुनी मच्छरदाणी टाकल्यावर त्यांचा हिशेब मिटला.

चार-पाच पानं आली की रोप हलवायचं, साधारण तीन-चार आठवड्यांनी. मुळं उथळ असल्यानं खोल कुंडीची गरजच नाही. मी द्राक्षाचे क्रेट वापरते, आत पोतं अंथरून. आपल्याकडची काळी माती नुसती भरली तर सुकल्यावर दगड होते आणि भेगा पडतात, म्हणून माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या मापानं. दोन रोपांत वीतभर अंतर. लावताना मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, गाडला गेला तर सडतो. लावणी संध्याकाळी, वर हिरवी शेडनेट, आणि डिसेंबरात ती काढून टाकायची. ढगाळ हवा धरली की पानांच्या मागं मावा येतो. पाण्याच्या फवाऱ्यानं धुतला आणि गरज पडली तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे थेंब घालून. बाकी डिसेंबर-जानेवारीत हे पीक कोथिंबिरीपेक्षा कमी कटकटीचं आहे, खरंच.

बाजारातल्या लेट्यूसचा बुडखा वाटीत पाण्यात ठेवून नवं लेट्यूस उगवायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. मीही ठेवला होता. मधून पानं येतात, दिसतात गोड. पण एका सँडविचपुरती मिळतात, मग फुलांचा दांडा वर चढतो आणि पानं कडू. मुलांना दाखवायला छान आहे, त्याला लागवड मात्र म्हणू नये.

दांडा चढायचंच दुसरं कारण म्हणजे फेब्रुवारी. ऊन तापलं, दिवस मोठा झाला की रोप पानांचा नाद सोडतं. देठ खुडला की येणारा पांढरा चीक वाढतो आणि कडूपणा त्या चिकातच असतो. त्याच्या आत पानं संपवावीत. आमच्याकडं त्यांची पचडी होते: बारीक चिरून कांदा, दाण्याचं कूट, लिंबू, वरून कच्चं तेल. सॅलडच्या बाटलीतल्या पांढऱ्या सॉसपेक्षा मला तीच आवडते. भाकरीबरोबर तर विचारूच नका.

दांडा चढला म्हणून सगळी रोपं उपटत नाही. जे सगळ्यात उशिरा चढतं ते बियाण्यासाठी ठेवते. सगळ्यात आधी चढणाऱ्याचं बी धरलं तर पुढच्या पिढीतही तीच घाई उतरते. रोप कमरेएवढं होतं, त्यावर बारीक पिवळी फुलं येतात. ती सकाळी उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळं शेजारी दुसरी जात असली तरी बी सहसा भेसळत नाही. फूल मिटल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिथं पांढरा कापूस दिसतो. सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत, म्हणून रोज सकाळी फांदी कागदी पिशवीत वाकवून झटकायची. नंतर ताटात हलकी फुंकर घालून कापूस उडवायचा, बी सावलीत वाळवायचं आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत, जातीचं नाव नि साल लिहून, फ्रीजमध्ये. ताजं बी कधीकधी काही आठवडे उगवायला नाखूश असतं. सांगलीत त्याचं काही अडत नाही, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याला तसंही थांबायचंच असतं.