नमुना मुलाचा, सही आईवडिलांची, आणि अडथळा कार्यालयाचा

पूर्व विदर्भातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त मुलांच्या रक्ताचे नमुने पुढील संशोधनासाठी जैवपेढीत साठवण्याच्या एका प्रकल्पात मी समन्वयक म्हणून काम केले. निधी, प्रयोगशाळेशी करार, उणे ८० अंशांचा फ्रीजर ही कामे वेळेवर उरकली. आम्ही रखडलो ते मुलांच्या सहमतीपत्रावर (सहमती म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार; कायदेशीर संमती पालकांची), आणि तेही संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीच्या कार्यालयाने एकाच पत्रात विचारलेल्या दोन शंकांमुळे.

नियम तसा स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती पुरेशी असते, ७ ते १२ वयोगटातील मुलाची तोंडी सहमती घेऊन तिची नोंद करावी लागते आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी सहमती लागते. पालकांची संमती या सर्व वयांत लागतेच. म्हणून ७ ते १८ साठी एकच कागद करण्याच्या मोहात कोणी पडू नये. आम्ही प्रारंभापासूनच दोन वेगळे मसुदे ठेवले होते आणि त्यावर कोणी बोट ठेवले नाही.

कार्यालयाची पहिली शंका अशी होती की, मुले अजाण असल्याने त्यांची ओळख कायमची पुसून टाकावी; नमुना कोणाचा हे पुढे कोणालाच, अगदी आम्हालाही, कळता कामा नये. त्याच पत्रातील दुसरी शंका अशी की, मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याची स्वतःची संमती पुन्हा कशी घेणार, हे सविस्तर लिहावे. ज्याचा नमुना आहे त्याचे नावच पुसले, तर अठराव्या वर्षी शोधायचे कोणाला? हा साधा प्रश्न मी लेखी विचारला, तेव्हा ‘दोन्ही मुद्द्यांची पूर्तता करून प्रस्ताव पुन्हा सादर करावा’ एवढेच उत्तर आले. प्रत्यक्ष भेटीत तेथील कर्मचाऱ्याने समोरच्या छापील तपासणी यादीवर बोट ठेवून सांगितले की, दोन्ही चौकटींत बरोबरची खूण असल्याशिवाय फाइल बैठकीत जात नाही. मुलाच्या हक्काचा विचार ज्या समितीने करायचा, तिच्यापर्यंत तो प्रश्न पोहोचतच नव्हता, आणि इकडे फ्रीजर रिकामाच चालू होता. त्या खिडकीसमोरचा संताप आजही पुरता ओसरलेला नाही.

अखेर मदतीला आले ते जागतिक वैद्यकीय संघटनेचे २०१६ मध्ये सुधारलेले तैपेई घोषणापत्र. नमुना ओळखता न येण्याजोगा केला की, संमती मागे घेण्याचा पर्याय उरत नाही, हे त्या व्यक्तीला सांगितले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आणि संमती देण्याची क्षमता पुढे आलेल्या व्यक्तीकडून साठवण व वापर चालू ठेवण्यासाठी संमती घेण्याचा रास्त प्रयत्न करावा, असेही म्हटले आहे. ही दोन कलमे शेजारीशेजारी मांडून आम्ही लिहून दिले की, नळीवर फक्त सांकेतिक क्रमांक राहील, नाव आणि क्रमांक यांची जोडवही प्रकल्पाबाहेरच्या एका अधिकाऱ्याच्या कुलपात राहील, आणि अठरा पूर्ण होऊनही जो मुलगा वा मुलगी सापडणार नाही, त्यांचा नमुना समितीने वेगळा निर्णय देईपर्यंत वापराबाहेर ठेवला जाईल. हे पत्र मी कार्यालयाबरोबरच अध्यक्षांच्या नावेही पाठवले. अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, हे अशा वेळी फार उपयोगी पडते.

बैठकीत सर्वांत नेमका प्रश्न समितीतील सामान्य नागरिक सदस्याने विचारला: मूल नाही म्हणाले तर तुम्ही काय कराल? नमुना साठवून त्या मुलाला थेट काही लाभ होत नाही, तेव्हा त्याचा नकार अंतिम मानला पाहिजे, हे आम्ही मसुद्यात लिहिलेच होते. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी हे वाक्य सर्वांत आधी लिहावे, असे माझे मत आहे.

त्याची प्रचिती बाह्यरुग्ण विभागात लवकरच आली. सुमारे अकरा वर्षांच्या एका मुलीला मी जांभळ्या झाकणाची नळी दाखवून सांगितले की, तपासणीसाठी सुई टोचायचीच आहे, त्याच टोचण्यात थोडे जास्त रक्त घेऊ. तिने सुईविषयी काही विचारलेच नाही. ‘यातून माझ्या ताईचं पण कळंल का? तिचं लग्न जमतंय,’ असे तिने विचारले. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसूनही आजाराचे जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एका मुलीचे रक्त भावंडांविषयीही काही सांगून जाते, हे तिला आमच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक कळले होते. नळीवर नाव नसेल, पण घरातील इतरांविषयी काही अंदाज बांधता येऊ शकतो, असे मी खरे तेच सांगितले आणि तिने मान हलवून नकार दिला. आई ओशाळून म्हणाली, ‘मॅडम, मी केली न सही, पोरीचं काय ऐकता?’ तो नमुना आम्ही घेतला नाही.

म्हणून सहमती विचारण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे देऊ नये, कारण औषध देणाऱ्याला मूल सहसा नाही म्हणत नाही. सिकलसेलमध्ये येणारा वेदनेचा झटका चालू असताना तर हा विषयच काढू नये. हंगामी स्थलांतरामुळे फोन क्रमांक बदलतात, त्यामुळे नोंदवहीत गावातील दुसऱ्या एका नातेवाइकाचा संपर्क आणि अठरा पूर्ण होण्याचा महिना पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. आश्रमशाळेचा पत्ता मात्र पुरेसा मानू नये, कारण तो शाळा सुटेपर्यंतच कामाचा असतो.

एक सांगायचे राहिले. प्रत्येक पानाच्या तळाशी मसुद्याचा आवृत्ती क्रमांक आणि दिनांक असलाच पाहिजे. वार्षिक अहवालात अठरा पूर्ण केलेले किती, सापडलेले किती आणि नकार देणारे किती, अशी माहिती मागण्याची अट समितीने घातली होती आणि ती मला मनापासून पटली. पण आमचा पहिला अहवाल कार्यालयाने परत पाठवला, तो एका पानावर तो क्रमांक नव्हता म्हणून.